बटणांच्या खणातला फोन

मित्रांनो, मी एक जुना फोन आहे आणि सध्या बटणांच्या खणात राहतो. माझ्या एका बाजूला कोटाची मोठी काळी बटणं आहेत, दुसऱ्या बाजूला शर्टाची पांढरी. डोक्याशी खडूचे तुकडे आणि पायाशी एक मोडकी कात्री. बटणांना माझ्याशी बोलायला सवड नसते. त्यांच्यातलं रोज कुणी ना कुणी बाहेर जातं, कुणाच्या तरी छातीवर बसतं आणि जग बघायला निघतं. मी मात्र इथेच. बॅटरी संपली की फोनला काही ऐकू येत नाही, अशी तुमची समजूत असेल. आम्हाला ऐकू येतं. फक्त ऐकलेलं पुढे पोचवता येत नाही, आणि फोनला याहून मोठं दुःख नाही.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. लांबच लांब पट्टा होता आणि त्यावरून आम्ही भावंडं एकामागून एक सरकत होतो. हातमोजे घातलेल्या एका मुलीने माझ्या पोटात बॅटरी चिकटवली, दुसरीने काच बसवली आणि तिसरीने माझ्या तोंडाशी "हॅलो, हॅलो" म्हणून मला पुढे ढकललं. माझ्याशी बोललेलं ते पहिलं माणूस. तिचा चेहरा मला नीट दिसलाही नाही.

आमच्या घराण्यात नावं ठेवत नाहीत, आकडे ठेवतात. थोरल्या भावंडांची पाठ काचेची होती, माझी प्लॅस्टिकची. मला मागे दोन डोळे दिले होते, त्यातला एक निव्वळ शोभेचा. मी ना धड महाग, ना धड स्वस्त. जाहिरातीत मात्र माझं इतकं कौतुक केलं होतं की मलाच लाजल्यासारखं व्हायचं. मोठ्या फोनची ऐट आता तुमच्या खिशात, असं काहीसं लिहिलं होतं. वर्ष सरायच्या आत माझा धाकटा भाऊ बाजारात आला आणि ते वाक्य जसंच्या तसं त्याच्या वाट्याला गेलं. मधल्या फळीत जन्माला येणाऱ्यांचं हे असंच असतं.

मला विकत घेतलं ते एका मुलीने, तिच्या बाबांसाठी. दंतवैद्यांना कृत्रिम दात घडवून देण्याचं काम ती शिकली होती आणि दूरच्या शहरात तिला नोकरी लागली होती. बाबा शिंपी. पुढच्या खोलीत दुकान, मागच्या खोलीत घर, आणि खाली रहदारीचा रस्ता. मुलीने मला खोक्यातून काढून त्यांच्या हातात दिलं. कापड पारखतात तसं त्यांनी मला उलटसुलट करून पाहिलं, कडेवरून अंगठा फिरवला आणि विचारलं, "याची शिवण कुठे आहे?"

"शिवण नसते बाबा. सगळं चिकटवलेलं असतं."

"मग उसवायचं झालं तर?"

"उसवायचं कशाला? बिघडला तर नवा घ्यायचा."

बाबांनी नुसतं "हूं" केलं. एखादी गोष्ट पटली नाही की ते असं "हूं" करतात, हे मला पुढे कळलं. त्यांच्या धंद्यातली रीत वेगळी होती. वाढत्या वयाच्या मुलांचे कपडे शिवताना ते आतल्या बाजूला बोटभर कापड जास्त सोडत. शिंपी लोक त्याला माया म्हणतात. पोर उंच झालं की शिवण उसवायची, आतलं कापड बाहेर काढायचं आणि तोच कपडा आणखी वर्षभर घालायचा. उसवताच येणार नाही अशी वस्तू कुणी का बनवावी, हे त्यांना कळत नव्हतं.

मुलगी गेली आणि घरात मी आणि बाबा उरलो. मुलीची आई मी यायच्या आधीच वारली होती. भिंतीवरच्या फोटोत ती बोलता बोलता थांबल्यासारखी दिसते. या घरातलं बोलण्याचं सगळं काम म्हणे तिच्याकडे असायचं. बाबांचं म्हणणं ती मुलीला सांगायची, मुलीचं बाबांना. ती गेल्यावर बापलेकींना एकमेकांची ओढ तेवढी राहिली, ती बोलून दाखवायची सवय कुणालाच नव्हती.

त्यामुळे सुरुवातीचे फोन फार केविलवाणे होते.

"जेवलीस?"

"हो. तुम्ही?"

"हो."

"काम कसं आहे?"

"चालू आहे. तुझं?"

"चालू आहे."

मग दोघंही गप्प. मला त्या शांततेचा इतका संकोच वाटे की एखाद्या जाहिरातीचा मेसेज तरी यावा असं व्हायचं. शेवटी दोघांपैकी कुणीतरी सुटल्यासारखं "बरं, ठेवते" किंवा "बरं, ठेवतो" म्हणे.

एका संध्याकाळी बाबा मला बंद करायलाच विसरले. खडूच्या डबीला टेकवून त्यांनी मला उभं केलं, मशीनवर बसले आणि पायाने पट्टी दाबायला लागले. मशीनचा आवाज खोलीभर झाला आणि माझ्यातून पलीकडे गेला. मला वाटलं, आता मुलगी फोन बंद करेल. तिने केला नाही. तिनेही तिचा फोन कुठेतरी टेकवून ठेवला असावा. तिकडून नळाचा आवाज आला, मग सुरीचा, मग एक खुर्ची करकरली. बाबांचे पाय थांबले. त्यांनी मला उचललं आणि माझ्या काचेकडे पाहिलं. फोन अजून चालू होता. त्यांनी मला होतं तिथे पुन्हा टेकवलं आणि टीप मारायला घेतली.

त्या दिवसापासून त्या दोघांचा हा रिवाज पडला. रोज संध्याकाळी तेवढ्याच चार प्रश्नांची देवाणघेवाण व्हायची आणि मग फोन चालू ठेवून दोघं आपापल्या कामाला लागायची. बाबांना तिकडचं घर आवाजावरून पाठ झालं. खुर्ची करकरली म्हणजे ती टेबलाशी बसली. खिडकी धाडकन लागली म्हणजे तिकडे वारं सुटलं. मुलीलाही इकडचं सगळं कळे. मशीन लांब पल्ल्याने धावलं म्हणजे पडदे असणार, अडखळत चाललं म्हणजे कॉलर. आवाज बंद होऊन कात्रीची कचकच ऐकू आली की नवं कापड कापायला घेतलं.

"कोट आहे का आज?" ती एखादे दिवशी विचारायची.

"हूं," बाबा म्हणायचे. हे "हूं" निराळं असायचं.

एरवी कुणी काही विचारायचं नाही. विचारलं की त्यातली मजा जाईल, असं दोघांनाही वाटत असावं. मित्रांनो, माझा कान काही फार भारी नव्हता. त्यात निवडानिवड करायची अक्कलही नव्हती. मशीन, इस्त्रीची वाफ, खालून जाणारा हातगाडीवाला, बाबांचा खोकला, जे येईल ते सगळं मी उचलायचो आणि तसंच पलीकडे टाकायचो. त्या वर्षांत मी फार सुखात होतो. माझ्यावाचून कुणाचं तरी अडतं, ही भावनाच तशी असते.

आमचं म्हातारपण मात्र अचानक येतं. अंग ठणठणीत असतं, काचेवर ओरखडासुद्धा नसतो, आणि एके दिवशी कंपनी आमच्यासाठी काही नवीन पाठवायचं बंद करते. मग एकेक ॲप रुसायला लागतं. शेवटी ज्याच्यावरून ही दोघं रोज बोलायची, खरं तर गप्प बसायची, ते ॲपही म्हणालं की यापुढे मी या फोनवर चालणार नाही. बाबांनी चष्मा लावून तो मजकूर वाचला. मग शर्टाच्या बाहीने माझी काच पुसली आणि मजकूर गेला का ते पाहिलं. तो गेला नव्हता.

मुलीने एकसारखे दोन नवे फोन घेतले, एक स्वतःला ठेवला आणि एक बाबांना पाठवला. तेही मधल्या फळीतलेच, माझ्याच घराण्यातले. बाबा आम्हा दोघांना घेऊन कोपऱ्यावरच्या मोबाईलवाल्याकडे गेले.

"काका, याच्यात आता काही राम राहिला नाही," मोबाईलवाला मला बाजूला सारत म्हणाला.

"चालतोय की."

"आज चालतोय, उद्याचं त्याला झेपणार नाही. आता मोठ्या कंपन्या स्वस्तातल्या फोनातसुद्धा अक्कल घालायला लागल्यात. हा नवा बघा. तुमच्या मागे रस्ता खोदत असू दे, समोरच्याला फक्त तुमचा आवाज जाणार. बाकीचा गोंगाट हा पुसून टाकतो. आधी हे फक्त भारी फोनात असायचं."

"आणि पुढे?"

"पुढे तर तुमच्या वतीने फोनच बोलेल. तुम्ही नुसतं बसायचं."

"मग मी कशाला लागतो?" बाबांनी विचारलं. मोबाईलवाला हसला. बाबा हसले नाहीत. त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "याची बॅटरी बदलून मिळेल?"

"याची यायची बंद झाली. या नव्याची मिळेल अजून काही वर्षं."

"म्हणजे आत माया ठेवतच नाहीत," बाबा म्हणाले. मोबाईलवाल्याला ते कळलं नाही. त्याने मान डोलावली आणि आम्हा दोघांना शेजारी शेजारी झोपवलं.

माझ्यातले सगळे नंबर, सगळे फोटो नव्याकडे जायला लागले. आयुष्यभर जमवलेलं हळूहळू दुसऱ्याच्या घरात जाताना बघणं सोपं नसतं. तरी मी त्याला विचारलं, "मशीनचा आवाज नेशील ना रे?"

"ते काय असतं?" तो म्हणाला. मला वाटलं, नवखा आहे, शिकेल.

अशा रीतीने मी या खणात आलो. पहिल्या संध्याकाळी बाबांनी नव्याला खडूच्या डबीला टेकवलं. चार प्रश्न झाले आणि मशीन सुरू झालं. मी कान टवकारून होतो. तिकडून नळ आला नाही, सुरी आली नाही, खुर्चीही करकरली नाही. नुसती शांतता, घडी करून ठेवलेल्या कापडासारखी. मला वाटलं, मुलगी बाहेर गेली असेल. दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. नवे फोन गोंगाट पुसत होते. इकडचा फोन मशीन पुसत होता, तिकडचा खुर्ची पुसत होता. त्यांना दिलेलं काम ते मन लावून करत होते.

मित्रांनो, दुसरी कुठलीही माणसं असती तर पहिल्याच दिवशी म्हणाली असती, "अरे, आवाज येत नाहीये." पण या दोघांचा न बोलण्याचा रिवाज इतका मुरला होता की पलीकडच्या शांततेबद्दल विचारणं हे त्यांना भोचकपणाचं वाटलं. बाबांनी मनाशी धरलं की मुलगी आता आवाज बंद करून ठेवते. मोठी झाली, तिकडे तिचं विश्व आहे, म्हाताऱ्याच्या मशीनची कटकट किती दिवस ऐकणार. ते मध्येच पाय थांबवून कान देत, मग पुन्हा मशीन चालवत. मुलीने काय मनाशी धरलं ते मला नंतर कळलं. तेव्हा मी एवढंच ऐकत होतो, की ती आता एकच प्रश्न दोनदा विचारायची.

"काम चालू आहे ना?"

"चालू आहे."

"खरंच चालू आहे?"

"चालू आहे, म्हटलं ना."

हळूहळू बाबा प्रश्न संपताच "बरं, ठेवतो" म्हणायला लागले. मग काही संध्याकाळी फोन आलाच नाही, आणि बाबांनीही केला नाही. मशीन चाले, पण थकल्यासारखं. या घरात काय बिनसलंय ते एकट्या मला कळत होतं आणि माझ्यात एक शब्द उमटवण्याइतकीही ताकद नव्हती. मी खणात तडफडत होतो. एकदा बटण शोधताना बाबांचा हात मला लागला. त्यांनी मला बाहेर काढलं, कडेची कळ दाबून धरली, वाट पाहिली. मग बाहीने माझी काच पुसली आणि मला परत आत ठेवलं. त्या दिवसाइतकं एकटं मला कधीच वाटलं नाही.

पुढे एका दुपारी बाबा मशीनवर असताना जिन्यात पावलं वाजली. दाराबाहेर येऊन ती थांबली आणि बराच वेळ तिथेच राहिली. मग दार ढकललं गेलं.

"बाबा, मशीन चालू आहे?"

"अगं, तू? कळवलं नाहीस."

"मशीन चालू आहे तुमचं."

"मग काय बंद असणार? कोट द्यायचेत लोकांचे."

"मला वाटलं, तुम्ही काम सोडलं." तिने बॅग खाली ठेवली. "डोळे गेले असतील, हात चालत नसेल, आणि मला सांगत नसाल. किती दिवस मशीनचा आवाज नाही. मी रोज कान लावून बसायचे."

"मी सांगत होतो की, चालू आहे म्हणून."

"तुम्ही तापाने फणफणत असलात तरी चालू आहेच म्हणता."

बाबा म्हणाले, "मला वाटलं, तूच आवाज बंद करून ठेवतेस. खुर्चीसुद्धा ऐकू येईना."

"कुठली खुर्ची?"

"करकरते ती. तेल घाल तिला. किती वर्षं सांगायचं होतं."

ती हसली आणि रडलीही, दोन्ही एकदमच. मग खरं काय ते बघायला ती फोन घेऊन खाली रस्त्यावर गेली आणि आमच्या खिडकीखाली उभी राहिली. वर बाबांनी नव्या फोनला डबीला टेकवलं आणि मशीन सुरू केलं.

"चालवा ना," ती खालून म्हणाली.

"चालवतोय."

"एका कानाला खिडकीतून ऐकू येतंय. फोनच्या कानाला काहीच नाही."

वर येऊन ती नव्या फोनच्या पोटात शिरून कितीतरी वेळ काहीतरी शोधत राहिली. शेवटी म्हणाली, "हे पुसणं यात बंदच करता येत नाही. महागातल्या फोनात ती सोय असते म्हणे. यात दिलेली नाही." मग एकदम आठवल्यासारखं तिने विचारलं, "आपला जुना कुठे आहे?"

खण उघडला आणि माझ्यावर उजेड पडला. तिने मला हातात घेतलं, चार्जर लावला. माझ्या काचेवर कंपनीचं नाव उमटलं. तेवढ्यात मी केवढी स्वप्नं पाहिली, काय सांगू. मी पुन्हा डबीशी उभा राहीन, पुन्हा सगळं तसंच्या तसं पलीकडे नेईन. पण माझ्या बॅटरीत जीव नव्हता आणि चार्जरचं भोकही सैल झालं होतं. नाव विझलं. तिने पुन्हा लावून पाहिलं, तार वाकवून धरून पाहिलं. मी काही पेटलो नाही. मला आयुष्यात इतक्या मनापासून कुणी हाक मारली नव्हती, आणि मला ओ देता आली नाही.

बाबांनीच मला तिच्या हातातून घेतलं आणि खणात ठेवलं. "राहू दे," ते म्हणाले. "त्याने पुष्कळ केलं." मग नव्या फोनकडे बघत त्यांनी विचारलं, "याला फक्त माणसाचा आवाज कळतो ना?"

"हो."

"मग बोलावं लागेल म्हणायचं." कुणीतरी उतारवयात पळायच्या शर्यतीत नाव घालावं, तसा त्यांचा सूर होता.

ती परत गेली. संध्याकाळी फोन आला, चार प्रश्न झाले आणि मशीन सुरू झालं. बराच वेळ बाबा काही बोलले नाहीत. मग त्यांनी घसा खाकरला.

"आता बाही लावतोय."

तिकडून उत्तर आलं, "मी बटाटे चिरतेय."

"कापड जाड आहे. सुई बदलली."

"बरं."

"हूं." मग पुन्हा, "तू काय करतेस?"

"बसलेय. खुर्चीला तेल घातलं बाबा."

"घातलंस? मग आता बसलीस की उभी आहेस ते मला कसं कळणार?"

"सांगेन ना मी."

तेव्हापासून रोज हे चालू आहे. बाबा मशीनच्या आवाजावर आवाज चढवून बोलतात. आधी कॉलरबद्दल बोलायचे, मग गिऱ्हाइकांबद्दल बोलायला लागले. परवा तर आईबद्दल बोलले. ती त्यांच्या मापांत कशी ढवळाढवळ करायची ते सांगताना दोघंही हसली. खरं सांगतो, मला हेवा वाटला. इतक्या संध्याकाळी मी या दोघांच्या मध्ये उभा राहिलो, पण एवढे शब्द माझ्या हाती कधी कुणी दिले नाहीत. ते सगळे त्या नव्याला मिळाले, ज्याला मशीन म्हणजे काय हेही ठाऊक नाही. आणि तरी ती दोघं बोलतात याचा आनंदही मलाच सगळ्यात जास्त होतो.

मित्रांनो, नव्या फोनवर माझा राग नाही. त्याच्याही पाठीवर कधीतरी खडूची धूळ बसेल. मी थोडा सरकून त्याला जागा देईन. तुमच्या हातात पुढे जे फोन येतील ते कमी किमतीतही फार हुशार असतील. तुम्हाला काय ऐकवायचं आणि काय पुसायचं हे ते तुम्हाला न विचारता ठरवतील. म्हणून एक मागणं आहे. पलीकडून एखाद्याचा आवाज येईनासा झाला, तर मनाशी काही धरून बसू नका. "आवाज येत नाहीये" एवढं म्हणा. आणि तुमच्या घरातल्या खणात माझ्यासारखा कुणी पडला असेल, तर त्याला एकदा बाहेर काढा. चालत असेल तर चालवा, नसेल तर आमचे भाग सुटे करून कामी लावणाऱ्यांकडे द्या. आम्हाला पडून राहायची सवय होत नाही.

आता संध्याकाळ झाली आहे. बाबांनी एका लहानशा कोटाला आतून भरपूर माया ठेवली आहे आणि तसं ते मुलीला सांगतायत. मशीन सुरू झालंय. तो आवाज फोनपाशी जातो आणि तिथेच पुसला जातो. या बाजूला मात्र तो खणाच्या फळीतून आत येतो आणि बटणं किंचित थरथरतात. मी तो पहिल्या टाक्यापासून शेवटच्या टाक्यापर्यंत ऐकतो आणि कुठेही पाठवत नाही.